घरी वळलेला सिगार दुसऱ्याच्या हातात देताना

स्वतःसाठी सिगार वळणाऱ्याला बऱ्याच गोष्टी माफ असतात. ड्रॉ (म्हणजे ओढताना हवेला मिळणारी वाट) घट्ट लागला तर तो सिगार बाजूला ठेवून दुसरा पेटवतो, रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान, सुटायला लागला तर बोटाने दाबून धरतो, आत कोणती पानं किती घातली हे आठवलं नाही तरी कुणी जाब विचारत नाही. तोच सिगार दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचा म्हटलं की या सवलती संपतात. त्याला तुमच्या हाताचा अंदाज नसतो, तुमच्या पानांची ताकद माहीत नसते, आणि पार्सल वाटेत कुठल्या तापलेल्या गाडीत पडून होतं हे तर दोघांनाही कळत नाही. त्यामुळे देण्याच्या सिगारसाठी वळण्याची पद्धत, मुरवणं, नोंदी आणि बांधाबांध सगळंच थोडं वेगळं करावं लागतं. इथे साध्या सिगारबद्दलच लिहितो आहे: घरच्या साच्यात बसवलेले, फार सजावट नसलेले, हौशी लोक एकमेकांना देतात तसले.

हे सज्ञान आणि आधीपासून सिगार ओढणाऱ्यांसाठी आहे. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे; धूर आत न घेणाऱ्यालाही तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. ज्याला सवय नाही त्याला ‘चव तरी बघ’ म्हणून देऊ नये.

आधी कायदा

वळणं, देणं आणि विकणं या कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या वापरापुरतं वळायला अनेक देशांत फारशी आडकाठी नसते. विक्री म्हटली की मात्र परवाना, उत्पादन शुल्क, वेष्टनावरचा आरोग्याचा इशारा, घेणाऱ्याचं वय, सगळं मागे लागतं. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे स्वतःच्या वापरासाठी सिगार बनवणारा कायद्याने ‘उत्पादक’ ठरत नाही, पण विकण्यासाठी बनवायला लागला की संघराज्याचा परवाना आणि कर दोन्ही लागू होतात. २०१६ मध्ये सिगारही तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली आले, आणि उत्पादकांना व विक्रेत्यांना फुकट नमुने वाटण्यावरही बंदी आली; २०२३ मध्ये मात्र न्यायालयाने हाताने वळलेल्या ‘प्रीमियम’ सिगारांपुरते ते नियम रद्द केले. डिसेंबर २०१९ पासून तिथे तंबाखू विकत घेण्याचं किमान वय २१ आहे. भारतात केंद्राच्या कायद्याने ते १८ आहे, आणि २०१६ पासून वेष्टनाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापावा लागतो. आपल्या ठिकाणी काय लागू आहे ते पहिलं पान भिजवण्याआधी बघून घ्या.

‘मी फक्त पानांचा खर्च घेतो’ या सबबीवर फार विसंबू नका. पैसे हातात आले की ती विक्री धरली जाऊ शकते, मग नफा झालेला असो वा नसो. सिगारच्या बदल्यात पानं किंवा अवजारं घेतली तर काही ठिकाणी तोही मोबदला ठरू शकतो. परवाना नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: विकू नका. देवाणघेवाणीचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे एकत्र बसून वळणं. प्रत्येकाने आपापली पानं आणायची, साचे आणि सुऱ्या सगळ्यांनी वापरायच्या, आणि ज्याने जे वळलं ते त्याने घेऊन जायचं. शिकायलाही यात जास्त मिळतं. दुसऱ्याचा पूर्ण झालेला सिगार बघून त्याचा हात कळत नाही. तो फिलरची, म्हणजे आत भरायच्या पानांची, जुडी मुठीत कशी धरतो हे बघितलं की कळतो.

टपालाने किंवा कुरिअरने पाठवायचं असेल तर त्यांचे नियम वेगळे तपासा. कित्येक कुरिअरवाले तंबाखू घेतच नाहीत, आणि परदेशी पार्सल म्हटलं की सीमाशुल्क आलंच. पार्सलवर ‘सुकी पानं’ किंवा ‘हस्तकला’ असलं काहीतरी लिहून वेळ मारून नेणं मात्र करू नका. पार्सल अडकलं तर निस्तरायला घेणाऱ्याला लागतं.

देण्याच्या सिगारची रेसिपी साधी ठेवा

घरी प्रयोग हवे तितके करा. बाहेर जाणारी खेप मात्र एकाच रेसिपीची, एकाच आकाराची आणि एकाच दिवशी वळलेली असू द्या. पाच सिगार पाठवले आणि पाचही वेगळे निघाले, तर घेणाऱ्याला कशावर मत द्यायचं हेच कळत नाही.

आकार मध्यम निवडा. पाच इंच लांब आणि ५० गेजचा रोबुस्तो सगळ्यात सोपा जातो. गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा ५० गेज म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर जाडी. बारीक सिगार दिसायला नाजूक असतो, पण त्यात एक पान जरी पिळवटलं तरी ड्रॉ बंद होतो. जाडात चूक खपून जाते. रोबुस्तोला साधारण १२ ते १४ ग्रॅम पानं लागतात. पान जाड की पातळ यावर नेमका आकडा ठरेल, तो तुम्हीच काढायचा. एकदा काढला की तो पाळायचा.

वजनासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा, आणि सगळी पानं एकाच पिशवीतली, एकाच ओलीची हवीत. वळायला मऊ केलेलं पान आणि कोरडं पान यांच्या वजनात खूप फरक पडतो. सकाळी मोजलेले दहा ग्रॅम आणि दुपारी पुन्हा पाणी फवारून मोजलेले दहा ग्रॅम एक नव्हेत. म्हणून आधी पूर्ण खेपेच्या फिलरच्या वाटण्या करून छोट्या पिशव्यांत भरून ठेवाव्यात आणि मगच वळायला बसावं.

झाडाच्या शेंड्याकडची पानं जाड, तिखट आणि सावकाश जळणारी. खालची पातळ, सौम्य आणि चटकन जळणारी. जाड पान नेहमी मधोमध, त्याच्या भोवती मधली आणि खालची पानं. जाड पान कडेला गेलं तर सिगार एका बाजूने जळत जातो आणि दोष रॅपरच्या माथी बसतो. चुरा आणि कापलेले तुकडे घालून केलेले सिगार स्वतःसाठी ठेवा. ते वाईट असतात असं अजिबात नाही, पण तोंडात तुकडे येतात आणि पाहुण्याला ते आवडतीलच असं नाही.

आता ड्रॉ. देण्याच्या सिगारमध्ये हीच सगळ्यात मोठी तक्रार असते आणि ती रॅपर चढवण्याआधीच सापडते. फिलरची पानं एकावर एक पुस्तकासारखी दुमडण्यापेक्षा प्रत्येक पानाची सैल नळी करून त्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की हवेला वाट राहते. वेळ जास्त लागतो, पण तो वसूल होतो. बाइंडर (फिलर बांधून ठेवणारं पान) गुंडाळून साच्यात दाबल्यावर अर्ध्या तासाने साचा उघडा, प्रत्येक जुडी पाव फेरा फिरवा आणि पुन्हा अर्धा तास दाबा. नाहीतर साच्याच्या सांध्याची धार अंगावर कायमची उमटते. बाहेर काढल्यावर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू चाचपत जा. मध्येच खडा लागला तर तिथे पान पिळलं गेलं आहे किंवा जाड शीर राहिली आहे. मऊ खड्डा लागला तर तिथे सिगार तापेल आणि आतून पोखरल्यासारखा जळेल. मग ओढायच्या टोकाला स्वच्छ सिलिकॉन नळीचा तुकडा बसवून हवा ओढून बघा. नळी यासाठी की दुसऱ्याला द्यायची वस्तू आपल्या तोंडाला लागता कामा नये. हवा जोर लावून ओढावी लागली तर बाइंडर सोडा आणि पुन्हा वळा. ‘मुरल्यावर सैल होईल’ ही आशा फारशी खरी ठरत नाही.

तोंडाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो: टोपी (सिगारच्या डोक्यावर, म्हणजे ओढायच्या टोकावर, लावायचा पानाचा तुकडा) जिभेने ओली करून चिकटवण्याची सवय अनेकांना असते. स्वतःच्या सिगारला चालवा, दुसऱ्याच्या नाही. चिमूटभर ग्वार गम कोमट पाण्यात कालवला की चिकट, बेचव खळ तयार होते; बोटाच्या टोकावर थोडीशी पुरते. हात धुतलेले, पाट पुसलेला, फवाऱ्यात पिण्याचं पाणी. ओली पानं तासन् तास हाताळली तर कातडीतून निकोटिन शिरून मळमळ आणि चक्कर येऊ शकते, म्हणून मोठी खेप असेल तर हातमोजे घाला. पानं, तुकडे आणि थोटकं लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. हे नुसतं नियमापुरतं सांगत नाही. गिळलेला तंबाखू त्यांना खरोखर विषारी असतो.

मुरवणं: इथे घाई करू नका

नुकता वळलेला सिगार हा ओला सिगार असतो. त्याच दिवशी तो बरा लागू शकतो, पण पुढचे काही आठवडे अनेकदा कडवट, अमोनियाच्या वासाचा निघतो. पार्सलला जितके दिवस लागतात नेमका तेवढ्यात तो बिघडलेल्या अवस्थेत जाऊन पोचतो, आणि घेणारा म्हणतो की बनवणाऱ्याला काही येत नाही.

पहिले दोनचार दिवस सिगार उघड्या हवेत, उन्हापासून दूर, जाळीवर सुकू द्या. त्यातला एक निशाणी करून रोज त्याच वेळी वजन करा. वजन सुरुवातीला भराभर उतरतं, मग मंदावतं. मंदावलं की बंद डब्यात दोन्ही बाजूंनी आर्द्रता सांभाळणारी, म्हणजे ओल जास्त झाली तर शोषणारी आणि कमी पडली तर सोडणारी, पुडी टाकून ठेवा. या पुड्या ६२, ६५, ६९ अशा टक्क्यांत मिळतात; घरी वळलेल्या सिगारसाठी मला ६५ पसंत आहे, कारण आपला हात जरा घट्टच असतो आणि कोरडा सिगार ओढायला सोपा जातो. आठवडाभर वजन हललं नाही की ओल स्थिरावली. त्यानंतरही देण्याच्या खेपेला किमान महिना-दीड महिना थांबा. डबा उघडल्याबरोबर नाकात झणझणलं तर अजून वेळ आहे.

अमोनियाचा वास दोन महिन्यांनंतरही तसाच असेल तर दोष वळण्यात नसून पानात आहे. ते पुरतं आंबलेलं नाही. स्वतः पिकवलेल्या तंबाखूत हे फार होतं. घरगुती भट्टीत ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, दमट हवेत चारसहा आठवडे ठेवलेलं पान आणि नुसतं सुकवलेलं पान यांतला फरक पहिल्या झुरक्यात कळतो. न आंबवलेल्या पानाचे सिगार कुणाला देऊ नका, अगदी मागितले तरी.

आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वस्त असो वा महाग. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भरा, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर तो चार कमी दाखवतो. डब्यावर तसं लिहून ठेवा.

कीड आणि बुरशी

तुमच्या पार्सलमधून दुसऱ्याच्या संग्रहात गेलेला तंबाखूचा भुंगा हा माफ होणारा प्रकार नाही. दोनतीन मिलिमीटरचा, तांबूस तपकिरी कीडा. त्याची अंडी पानात दिसत नाहीत, उबेत फुटतात, आणि अळ्या सिगारमधून बोगदे काढत शेजारच्या सिगारमध्ये शिरतात. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसली की समजा. मग ती खेप बाद.

दिसो न दिसो, बाहेर जाणारी प्रत्येक खेप आधी गोठवून घ्या. सिगार दुहेरी झिप पिशवीत, हवा काढून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस. घरचा फ्रीझर सारखा उघडला जातो, म्हणून मी आठवडा म्हणेन. नंतर एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग एक दिवस बाहेर, आणि या सगळ्या वेळात पिशवी उघडायची नाही. गार सिगारला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरतं आणि रॅपर तडकतो.

बुरशीबद्दल हौशी मंडळींत जुना वाद आहे: अंगावरची पांढरी भुकटी बुरशी की तेलांचा चांगला ‘बहर’? देण्याच्या बाबतीत हा वाद घालूच नका. पांढरं, निळसर, हिरवट, लोकरी, काहीही दिसलं तरी तो सिगार खेपेतून बाहेर. पेटवायच्या टोकाकडे नीट बघा, कारण बुरशी अनेकदा आत फिलरमध्ये लपलेली असते.

चिठ्ठी

सुंदर रंगीत पट्टी नसली तरी चालेल. चिठ्ठीशिवाय सिगार देऊ नका. हौशी देवाणघेवाणीत खरी किंमत याच कागदाला आहे, कारण त्यावरूनच घेणाऱ्याला ठरवता येतं की हा सिगार आपण ओढायचा की नाही, आणि ओढला तर कधी.

त्यात हे असावं: खेपेचा क्रमांक आणि वळल्याची तारीख, फिलर, बाइंडर, रॅपर कोणत्या जातीचे आणि पानं कुठून आली, फिलरचं वजन, किती टक्के आर्द्रतेला किती दिवस मुरवलं, गोठवलं का, तुमच्या मते ताकद किती. पान स्वतः पिकवलेलं असेल तर त्यावर काय फवारलं होतं हे स्पष्ट लिहा. काहीही मुरवलेलं असेल, मध, रम, कॉफी, व्हॅनिला, तर तेही. कुणाला ॲलर्जी असू शकते, आणि वासाचा सिगार साध्या सिगारांच्या डब्यात ठेवला तर सगळा डबा वास मारतो. मिश्रणात निकोटियाना रस्टिका जातीचं पान चिमूटभर जरी असलं तरी ते ठळक अक्षरात लिहा. नेहमीच्या तंबाखूपेक्षा त्यात निकोटिन कितीतरी जास्त असतं, आणि उपाशीपोटी ओढणाऱ्याला ते भोवतं. ‘गुप्त मिश्रण’ हा प्रकार मला पटत नाही. ज्याला आत काय आहे हे सांगायचं नाही त्याने स्वतःच ओढावा.

नमुना म्हणून: ‘खेप ७. फिलर १० ग्रॅम: निम्मी मधली पानं, तीन ग्रॅम खालची, दोन ग्रॅम शेंड्याची. बाइंडर आणि रॅपर एकाच जातीचे. ६५ टक्क्यांवर सात आठवडे. गोठवलेले. खळ ग्वार गमची, बाकी काही नाही. ताकद मध्यमपेक्षा जास्त. एकाचा रॅपर डोक्याशी डागाळलेला आहे, जळण्यात फरक नाही.’ शेवटच्या वाक्यासारखी कबुली आधीच दिली की पुढचे चार निरोप वाचतात.

चिठ्ठी लिहिण्याआधी त्या खेपेतला एक सिगार तुम्ही शेवटपर्यंत ओढलेला असावा. सहा वळले तर पाच द्यायचे असं धरूनच चला.

बांधाबांध

सिगार कुठून मोडतो? पेटवायच्या टोकाशी. तिथे रॅपर मोकळा असतो आणि डब्यात दोन वेळा आपटला की उलगडत जातो. प्रत्येक सिगार सेलोफेनच्या नळीत घाला, टोक आत दुमडा. मग सगळे एका झिप पिशवीत, ६५ ची एक छोटी पुडी, हवा जवळजवळ सगळी काढलेली. पिशवी कडक प्लॅस्टिकच्या डब्यात, रिकामी जागा कोऱ्या कागदाने भरलेली. वर्तमानपत्र नको, शाईचा वास लागतो. ओला स्पंज, फळाची साल, भिजवलेला कापूस असले घरगुती उपाय अजिबात नकोत. बंद पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते. डबा हलवून बघा. आत खडखडलं तर अजून कागद भरा.

कडक उन्हाळ्यात पाठवू नका. सुट्टीच्या आदल्या दिवशीही नको, पार्सल गोदामात तापत पडतं.

हिशेब आणि रीत

परवाना आहे आणि खरोखर विकायचं आहे, तर आधी खर्च प्रामाणिकपणे मांडा. बारा ग्रॅमचे दहा सिगार म्हणजे १२० ग्रॅम पान, असा सोपा हिशेब बहुतेक जण करतात. पण मधली शीर काढली की पानाच्या वजनाचा साधारण पाव भाग जातो, म्हणजे १६० ग्रॅम विकत घ्यावं लागतं. रॅपरसाठी घेतलेल्या पानांपैकी फाटकी, भोकं पडलेली पानं बाइंडरमध्ये जातात, आणि रॅपरचं पान सगळ्यात महाग असतं. तपासणीचा एक सिगार, बाद झालेले एकदोन, पुड्या, सेलोफेन, डबा, कर, परवान्याची फी. यात तुमच्या वेळेचा आकडा घातला की कळतं की कारखान्याच्या किमतीशी बरोबरी होणार नाही. तसा अट्टहासही करू नका. कमी किमतीत विकून गिऱ्हाईक जोडण्यापेक्षा थोडे बनवा आणि पुढची खेप मागणी नोंदवून मगच वळा. मुरायला लागणारे महिने आधीच सांगून टाका. पैसे सिगार मुरून तयार झाल्यावर घ्या. आगाऊ घेतले की घाई आपोआप होते.

अदलाबदलीत नवख्याने आधी पाठवावं आणि जुन्याने नंतर, अशी रीत सोयीची पडते. संख्या आधी ठरवून घ्या: प्रत्येकी तीन ते पाच पुरेत. एकच पाठवला तर तो वाटेत बिघडला की सगळं फुकट, आणि वीस पाठवले तर समोरच्यावर उगाच ओझं. दोघांनी आपलं वय आणि पत्ता एकमेकांना आधी सांगितलेला असावा. पार्सल घरातल्या मुलाच्या हाती पडणार नाही याची खात्री घेणाऱ्याने करावी. नुसती पानं आणि रेसिपी पाठवून ‘तू वळून बघ’ म्हणणं हा मला आवडणारा प्रकार आहे, कारण एकच मिश्रण दोन हातांत किती वेगळं लागतं ते कळतं. काही देशांत सुट्या पानालाही नियम लागतात, ते तपासून घ्यावं.

घेणाऱ्याचीही कामं आहेत. पार्सल उघडताच फोटो काढा, वास घ्या, आणि सिगार आपल्या मुख्य डब्यात न टाकता दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. कीड असेल तर तिथेच दिसेल, आणि प्रवासात हललेली ओलही बसेल. पोचल्या दिवशी ओढून मत देणं अन्यायाचं आहे.

मत तीन भागांत द्या: पहिला तिसरा भाग, मधला, शेवटचा. ‘छान होता’ या शब्दांनी बनवणाऱ्याला काही मिळत नाही. ‘दोन इंच जळल्यावर डावी बाजू मागे राहिली, दोनदा पुन्हा पेटवावा लागला, ड्रॉ सुरुवातीला ठीक आणि शेवटी घट्ट’ एवढं लिहिलं की त्याला कळतं की जाड पान मध्यातून सरकलं आहे आणि डोक्याकडे फिलर जास्त भरला आहे. विझला तिथे उभा चिरून आतला फोटो पाठवला तर त्याहून उत्तम.

आणि सिगार खराब निघाला तर? अदलाबदलीत एक खराब निघाला तर बोलून सोडून द्या. निम्मे खराब निघाले तर बनवणाऱ्याने न मागता दुसरी खेप द्यावी, विकले असतील तर पैसे परत करावेत, आणि त्याच खेपेतले सिगार ज्यांना ज्यांना गेले त्या सगळ्यांना कळवावं. कुणाला काय गेलं याची यादी ठेवलेली असेल तरच हे जमतं, म्हणून खेपेच्या क्रमांकापुढे नाव आणि पाठवल्याची तारीख त्याच वहीत, त्याच दिवशी लिहा.